राजाचा डावा डोळा

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. अन्सेल्म गेरिनो पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. ब्रेसॉल गावच्या पालिकेचा तो राखणदार, आणि त्याच्या संशयी स्वभावाची ख्याती नदीपलीकडच्या गावांपर्यंत गेली होती.

तो काही जन्मापासून असा नव्हता. बाप पिंपं बांधायचा. पोरगाही त्याच अंगणात, ओकच्या फळ्या तासत मोठा झाला. विशीत सैन्यानं उचलला आणि स्पेनच्या लढाईवर धाडला. तिथं त्यानं दोन गोष्टी गमावल्या: डाव्या हाताची दोन बोटं आणि माणसांवरचा भरवसा. बोटं शत्रूच्या तलवारीनं नेली. भरवसा नेला शेजारी निजणाऱ्या सोबत्यानं. त्यानं अन्सेल्मच्या उशाखालचा पाव खाल्ला आणि सकाळी त्याच्याच खांद्यावर हात टाकून चोर शोधत फिरला.

परत आल्यावर, दोन बोटं कमी असली तर पिंपाला काय फरक पडतो, असं बाप म्हणाला. पण फरक पडला. बापामागं अंगण विकलं गेलं आणि अन्सेल्मला पालिकेत काम मिळालं. दारं उघडायची, लावायची, शेगड्या पेटवायच्या, सभागृह झाडायचं. राहायला फाटकाजवळच्या दोन खोल्या. तो सरपणाच्या ढिगावर खडूनं खूण करून ठेवायचा. कपाटाच्या दारात दोरा अडकवायचा. त्याची बायको झेली गावातले कपडे धुवायची, आणि नदीवर सगळ्या बायांना सांगायची, "लग्न झालं त्या दिवशी यानं आधी पलंगाखाली पाहिलं, मग माझ्याकडं!"

सभागृहातलं ते मोठं चित्र १८३२ साली आलं. सरकारनं गावाला भेट दिलेलं. चारशे वर्षांपूर्वी इंग्रजांचा वेढा उठला आणि राजा ब्रेसॉलच्या वेशीतून आत आला, तो प्रसंग. पांढऱ्या घोड्यावर राजा, समोर गुडघ्यावर बसून किल्ल्या देणारा गावचा कारभारी, बाजूला शेवटचा पाव हातात धरलेली विधवा, मागं धूर आणि काळोख. एव्हारिस्त कुर्ताद नावाचा चित्रकार पॅरिसहून त्यासोबत आला आणि तीन आठवडे शिडीवर उभा राहून शेवटचे हात मारत राहिला. जाताना चेहऱ्यांवरून गावात भांडणं लावून गेला. कारभाऱ्याचा चेहरा सरळसरळ नगराध्यक्ष सोर्बिए यांचा होता. विधवा पाववाल्याच्या बायकोसारखी दिसते असं लोक म्हणत, आणि पाववाल्याची बायको, माझी हनुवटी अशी आहे का, म्हणून रडे. घोडा तेवढा कुणासारखाच नव्हता, म्हणून घोड्यावरून कुणी भांडलं नाही.

चार वर्षं चित्र भिंतीवर निमूट राहिलं. मग छत्तीस सालचा उन्हाळा आला, असा की विहिरींचे तळ दिसले.

जुलैतल्या एका दुपारी झेली सभागृहाची फरशी पुसत होती. ती एकदम उठून उभी राहिली.

"अन्सेल्म, हा राजा माझ्याकडं बघतोय."

"कुठल्या तरी राजानं बघायला हवंच होतं."

"चेष्टा नको करू. मागच्या वर्षी हा त्या किल्ल्यांकडं बघायचा. आता मी वाकले की खाली बघतो. मेला!"

अन्सेल्म हसला, पण मनात पाल चुकचुकली. त्यानं शिडी आणली. राजाच्या टोपीची सावली चेहऱ्याच्या डाव्या भागावर पडलेली होती. त्या सावलीतला डोळा उजव्या डोळ्याच्या रेषेत नव्हता. खाली होता. गव्हाच्या दोन दाण्यांएवढा.

कुणीतरी इथं येऊन गेलं होतं.

त्यानं झेलीला काही सांगितलं नाही. बापाचा जुना लोखंडी परकार काढला, उजव्या भुवईपासून डाव्या डोळ्यापर्यंतचं अंतर घेतलं आणि एका कागदावर उतरवलं: "१२ जुलै. डोळा. इतका." रोज रात्री दार लावलं की उंबऱ्यावर शेगडीतली राख चाळून पसरायचा. खिडक्यांच्या कड्यांत दोरे बांधले. आठ दिवस रोज सकाळी पाहिलं. राख जशीच्या तशी, दोरे जसेच्या तसे. डोळा मात्र आणखी खाली.

आता तो एकेकाला डोळ्यांपुढं आणू लागला. पाववाला? बायकोच्या हनुवटीचा सूड तो राजाच्या डोळ्यावर कशाला काढेल? देवळाचा सेवक? त्याला शिडी चढताना घेरी येते. फिरून फिरून एकच नाव उरे: शाळामास्तर फुल्जांस बार्वा.

मास्तर रोज दुपारी सभागृहात वर्तमानपत्र वाचायला यायचा. उंच, हाडकुळा, कोटाच्या कोपरांना ठिगळं. दारातल्या राजाच्या पुतळ्यासमोर सगळे टोपी काढायचे. मास्तर टोपी घरीच ठेवून यायचा, म्हणजे काढायचा प्रश्न नको. राजे गेले पाहिजेत हे त्याचं मत गावात कुणापासून लपलेलं नव्हतं. आणि वाचून झाल्यावर तो पाठीमागं हात बांधून त्या चित्रापुढं बराच वेळ उभा राहायचा.

"काय बघता मास्तर रोज?" अन्सेल्मनं एकदा झाडू टेकवून विचारलं.

"त्या बाईकडं बघतो. वेढ्यात उपाशी राहिली ती, आणि पाव कुणाला देतेय? जो बाहेर जेवून आलाय त्याला."

"आणि राजा? राजा कसा वाटतो?"

मास्तरनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "राजा हल्ली जरा थकल्यासारखा दिसतो," असं म्हणाला आणि किंचित हसून निघून गेला.

त्या हसण्यानं अन्सेल्मची खात्री पटली. महिनाभरापूर्वीच पॅरिसमध्ये कुणीतरी राजाच्या गाडीवर गोळी झाडली होती. गोळी झाडणारे असतात, तसे डोळे पुसणारेही असतील. पण मास्तर राख न मोडता आत कसा येतो? तो पंधरा दिवस मास्तरच्या मागावर राहिला. मास्तर शाळेत जाई, बागेत कांदे उपटी, वर्तमानपत्र वाची. इतका साधा माणूस काहीतरी लपवत असलाच पाहिजे, असं अन्सेल्मला वाटलं.

सप्टेंबरात पालिकेत मेजवानी झाली. जिल्ह्याचे मोठे अधिकारी आले होते. भाजलेलं बदक झालं, नासपती झाली, गेल्या सालची वाइन आली. नगराध्यक्ष सोर्बिए मुद्दाम चित्राखाली बसले होते, म्हणजे लोकांना दोन्ही चेहरे एकदम दिसावेत. अधिकाऱ्यांनी राजाच्या नावानं प्याला उचलला, वर पाहिलं आणि तसेच थांबले.

"सोर्बिए, तुमच्या राजाचा डोळा गालावर आलाय."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. डोळा खरोखरच नाकाच्या मध्यापर्यंत उतरला होता. दोन महिने खाली मान घालून जेवणाऱ्या गावाला तो आज दिसला.

दुसऱ्या दिवशी पोलीस जमादार त्रुशे आला. जाडजूड, शांत माणूस. तोही स्पेनला जाऊन आलेला.

"किल्ल्या कुणाकडं असतात, गेरिनो?"

"माझ्याकडं."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या नाहीतच."

"मग तूच सांग, मी कुणाला विचारू?"

त्यानं खोल्यांची झडती घेतली. गादीखाली परकार सापडला, आणि कागद सापडला. जमादार खिडकीशी जाऊन मोठ्यानं वाचू लागला. "बारा जुलै, डोळा, इतका. वीस जुलै, डोळा, आणखी इतका. पाच ऑगस्ट..." त्याचा आवाज बदलला. "अरे, तू तर कामाची नोंदच ठेवलीस!"

"मी मोजत होतो! कुणीतरी करतंय, मी फक्त मोजत होतो!"

"दोन महिने मोजत होतास आणि बोलला नाहीस?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. झेली दारात ओले हात पोटाशी धरून उभी होती. बुडणारा माणूस जे हाती लागेल ते धरतो तसं अन्सेल्मनं धरलं.

"मास्तर," तो म्हणाला. "बार्वा मास्तर. तो रोज येतो, चित्रापुढं उभा राहतो. राजाला थकलेला म्हणाला. माझ्या तोंडावर म्हणाला."

"करताना पाहिलंस?"

"पाहिलं नाही. पण तोच."

जमादारानं ते लिहून घेतलं, अन्सेल्मनं खाली सही केली.

आठ दिवसांत मास्तरची बदली झाली. शिक्षा म्हणून नाही, असं कागदावर होतं; आठ कोसांवरच्या दलदलीतल्या एका वस्तीला मास्तर हवा होता म्हणे. अन्सेल्मच्या किल्ल्या गेल्या. खोल्या सोडायला नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणापर्यंतची मुदत मिळाली. बाजारात बाया झेलीला वाट द्यायच्या, पण कपडे देईनात. चीजवाला म्हणाला, "बघा हं गेरिनोबाबा, माझ्या चीजच्या भोकांनाही डोळेच म्हणतात, हलवू नका." लोक पोट धरून हसले. अन्सेल्म घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

"तू केलंस का?" झेलीनं विचारलं. एकदाच.

"तूसुद्धा?"

"अख्ख्या गावावर संशय घेतोस, मग मी एकदा विचारलं तर लागतं होय?"

ऑक्टोबरच्या सुरुवातीला चित्रकार कुर्ताद पॅरिसहून आला. चार वर्षांत त्याला पदक मिळालं होतं आणि पोट सुटलं होतं. सभागृहात नगराध्यक्ष, जमादार आणि दारापाशी, बोलावल्यामुळं आलेला अन्सेल्म. कुर्तादनं चित्राकडं पाहिलं मात्र, चेहरा पांढरा पडला.

"तेजाब!" तो ओरडला. "कुणीतरी काहीतरी ओतलंय यावर. हा सरळसरळ हल्ला आहे!"

सोर्बिएंनी वळून अन्सेल्मकडं पाहिलं. पण अन्सेल्म चित्रकाराकडं बघत होता. पंचवीस वर्षांची सवय. आणि त्याला दिसलं की ओरडणारा माणूस डोळ्याजवळ गेलाच नाही. तो खाली, राजाच्या अंगरख्याच्या घडीतल्या दाट सावलीपाशी गेला, कुणी बघत नाही असं पाहून तिथं करंगळी टेकवली आणि घाईनं रुमालाला पुसली.

ज्याच्या घरात चोरी झाली तो फोडलेलं कुलूप सोडून दुसऱ्याच भिंतीत का बोट घालतो?

संध्याकाळच्या आधी अन्सेल्म खाणावळीवर गेला आणि म्हणाला, "साहेबांचे कपडे धुवायचे असतील. माझी बायको चांगलं धुते." कुर्तादला तो कोण ते लक्षातही नव्हतं. त्यानं गाठोडं पुढं केलं.

झेलीनं रुमाल राखेच्या पाण्यात भिजवला, घासला, उकळला. डाग हलेना. तपकिरी, चिकट, केसाएवढी तार सुटणारा.

"हे काय लावलंय मेल्यानं? तेलाशिवाय निघायचं नाही."

अन्सेल्मनं रुमाल नाकाशी नेला. असला वास त्याच्या बापाच्या अंगणात रोज असायचा. पिंपाच्या सांध्यांत भरायचं ते. डांबर. आणि डांबर म्हणजे काय हे पिंपवाल्याच्या पोराला सांगावं लागत नाही: थंडीत दगड, उन्हात मध.

"झेली, हा रंग आज लागलाय त्याच्या बोटाला. आज! चार वर्षं झाली चित्राला. वाळलाच नाही तो."

"मग?"

"मग कुणी आलंच नाही आत. डोळा आपल्या पायानं खाली उतरलाय."

सकाळी तो रुमाल घेऊन जमादाराकडं गेला. नगराध्यक्षांकडं नाही, कारण त्यांचं तोंड त्याच चित्रात होतं. त्रुशेनं रुमाल हुंगला, बोटांत चोळला, बराच वेळ मिशी चावली.

"तू म्हणतोस म्हणून मी मानायचं?"

"माझं कशाला मानता? त्या सभागृहाच्या शेगडीचं तोंड बाहेर बोळात आहे. तुमच्या हातानं माप घ्या. दारं, खिडक्या लावा, लाख लावून तुमचा शिक्का मारा. पंधरा दिवस शेगडी पेटवा. मी इथं तुमच्या कोठडीत बसतो हवं तर. मग उघडा."

जमादारानं तसंच केलं. अन्सेल्मला कोठडीत बसवलं नाही, पण रोज दोनदा येऊन तोंड दाखवायला लावलं. ते पंधरा दिवस अन्सेल्मला स्पेनपेक्षा लांब गेले. आपण चुकलो असलो तर? दिवसातून दहादा हा विचार यायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागं मास्तरचा ठिगळांचा कोट यायचा. कारण आपण बरोबर असलो, तर ते आणखी वाईट होतं.

सोळाव्या दिवशी लाख फोडली. आत भट्टीसारखी धग आणि डांबराचा वास. जमादारानं परकार लावला. डोळा आणखी एक दाणा खाली. एवढंच नव्हे, गुडघ्यावर बसलेल्या कारभाऱ्याची डावी मिशी हनुवटीकडं निघाली होती. नगराध्यक्षांनी नकळत स्वतःच्या मिशीला हात लावला.

कुर्ताद खुर्चीवर बसला. पदक, पोट, सगळं एकदम जड झाल्यासारखा.

"काळोखाला खोली यावी म्हणून वापरलं," तो पुटपुटला. "दुसऱ्या कशानं तशी सावली येत नाही. पॅरिसमध्ये सगळेच वापरतात."

"मग पॅरिसमध्ये सगळ्यांचेच डोळे खाली आलेत?" अन्सेल्मनं विचारलं.

"अजून कुणी मोजले नाहीत."

हे सगळं बाहेर आलं असतं तर बरं झालं असतं. पण सरकारनं दिलेलं चित्र, पदकवाला चित्रकार आणि नगराध्यक्षांचा चेहरा, तिघांची अब्रू एकाच भिंतीवर टांगलेली. पालिकेच्या अहवालात लिहिलं गेलं की नदीकाठच्या दमट हवेमुळं चित्राला बाधा पोचली. त्या उन्हाळ्यात नदीत पाणीच नव्हतं, हे कुणी बोललं नाही. अन्सेल्मला किल्ल्या परत मिळाल्या. "गैरसमज झाला," सोर्बिए म्हणाले. त्यांनी हात पुढं केला नाही, पण टोपीला बोट लावलं.

चित्राचं काय करायचं, यावर कुर्तादनं जाता जाता हळूच तोड सुचवली. तेव्हापासून दर जूनमध्ये चित्रावर पडदा पडायचा, आणि पडद्यामागं अन्सेल्म आणि जमादार मिळून ते उलटं टांगायचे. घोड्याचे पाय वर, राजाचं डोकं खाली. दोन उन्हाळ्यांत डोळा बऱ्यापैकी जागेवर आला. मिशी मात्र कायमची थोडी वाकडी राहिली, आणि लोक म्हणायला लागले की आता कारभारी जास्तच नगराध्यक्षांसारखा दिसतो.

गावात अन्सेल्मची चेष्टा थांबली. झेलीला कपडे मिळू लागले. अन्सेल्मला मात्र जेवण जाईना. मास्तरचं नाव अहवालात नव्हतंच, त्यामुळं ते पुसायचा प्रश्नही नव्हता. बदली म्हणजे बदली. तो नगराध्यक्षांकडं दोनदा गेला. "कुणी तक्रार केलीय का?" ते म्हणाले. "नाही ना? मग?"

त्याच हिवाळ्यानंतर, मार्चमध्ये वाटा जरा सुकल्यावर, तो पहाटे निघाला आणि आठ कोस चालत त्या वस्तीवर पोचला. एका खोलीची शाळा, मागं मातीचं घर. मास्तर बागेत वाफे खणत होता. खोकत होता. कोट तोच.

"गेरिनो," तो म्हणाला. कुदळ खाली ठेवली नाही.

अन्सेल्मनं वाटभर वाक्यं जुळवली होती. सगळी चिखलात राहिली. "मास्तर, मी तुमचं नाव दिलं होतं. जमादाराला. पाहिलं काहीच नव्हतं. नुसता संशय."

"माहीत आहे. त्रुशेनं वाचून दाखवलं. तुमची सही फार वाईट आहे."

"तुम्ही माझं नाव दिलंत का?"

"नाही."

"का? तुम्हाला वाटलं नाही, मीच केलं असेन म्हणून?"

"वाटलं ना! खात्रीच होती माझी." मास्तरनं कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकवली. "जुलैपासून बघत होतो मी. रोज जरा जरा खाली. मनात म्हणायचो, हा म्हातारा राखणदार, दोन बोटं राजांच्या लढाईत घालवलेला, कुणाला न सांगता एका राजाला आंधळा करतोय. मला तुमचा अभिमान वाटायचा, गेरिनो. म्हणून गप्प राहिलो. बदली झाली तेव्हाही गप्प राहिलो."

मग अन्सेल्मनं सगळं सांगितलं: रुमाल, डांबर, शेगडी, लाख. मास्तर ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे कुणीच नाही केलं?"

"कुणीच नाही."

"एवढ्या मोठ्या गावात कुणीच नाही," मास्तर म्हणाला आणि खूप वेळ खोकला. मग कुदळ भिंतीला टेकवली. "माफी वगैरे मागायला आला असाल तर ती माझ्याकडं नाही. हिवाळा फार वाईट गेला इथं. चुलीवर सूप आहे, ते खा आणि निघा. पूल संध्याकाळी बंद करतात."

अन्सेल्मनं सूप खाल्लं. मास्तर समोर बसून वाफ्यासाठी बी निवडत राहिला. निघताना अन्सेल्मनं वाफ्याशी पडलेले दोन दगड उचलून कडेला ठेवले, कारण काहीतरी करावंसं वाटत होतं.

घरी पोचला तेव्हा झेली दारात दिवा लावून उभी होती.

"भेटला?"

"भेटला."

"माफ केलं?"

"नाही. सूप दिलं."

झेलीनं थोडा विचार केला. "दाट होतं की पातळ?"

"दाट. कांदापातीचं. डुकराची चरबी घातलेली."

"मग बस इथं," ती म्हणाली, "आणि ते बूट काढ. फरशी आत्ताच पुसलीय मी."